मल्ल आणि वस्ताद

आमच्या नेवाशाच्या आसपासच्या खेड्यांत ग्रामदैवताची यात्रा आली, कीं तिच्या पाठोपाठ कुस्त्यांचा हगामा भरावयाचा, हा क्रम किती जुना आहे हें सांगणें कठीण आहे. नांगरलेल्या शेतांत किंवा नदीकांठच्या मोकळ्या जागेंत माणसांचें कडें बसतें. हलगी कडाडूं लागते. प्रथम रेवड्यांवर लढणारीं पोरें, मग नारळावरच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, अशा चढत्या पायरीनें दिवस कलतां कलतां शेवटची जंगी जोड मैदानांत उतरते. सारे लोक त्या दोन मल्लांकडे डोळे लावून असतात. परंतु त्याच वेळीं कड्याच्या आंतल्या बाजूस, डोईस फेटा बांधून उकिडवा बसलेला एक वयस्क पुरुष असतो. त्याचे कान मोडलेले असतात, मान खांद्यांत रुतलेली असते. आणि मैदानांतील एका मल्लाच्या प्रत्येक हालचालीबरोबर त्याचा स्वतःचा खांदा नकळत हलत असतो. कुस्ती सुटली कीं लोक जिंकणाऱ्यास खांद्यावर घेऊन नाचतात. ह्या पुरुषाकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. तो वस्ताद होय.

इतिहास लिहिणारे आम्ही लोकही त्या गर्दीसारखेच वागतों. विजयाचा दिवस, त्याची तिथि, हरलेल्याचें नांव आणि मिळालेलें इनाम एवढें टिपून घेतलें, कीं आमची लेखणी थांबते. ज्या बाहूंनीं तो विजय मिळविला त्या बाहूंतील बळ ओसरल्यावर त्या माणसानें पुढें काय केलें, हा प्रश्न आम्हांस क्वचितच सुचतो. वास्तविक मल्लाच्या आयुष्यांत लढण्याचीं वर्षें थोडीं असतात. पस्तिशी उलटली कीं श्वास तोकडा पडूं लागतो. आणि पुढचीं तीस-चाळीस वर्षें त्यास आपल्या जुन्या नांवाबरोबर काढावीं लागतात. कोणी शेतीवर परततो, कोणी पोलिसांत किंवा कारखान्यांत चाकरी धरतो, कोणी गांवच्या राजकारणांत पडतो, आणि कोणी नुसता आपल्या गदेकडे पाहत बसतो. थोडे मात्र पुन्हां तालमीच्या मातींत उतरतात. लढण्यासाठीं नव्हे, लढवय्ये घडविण्यासाठीं. हें दुसरें उतरणें पहिल्याहून अधिक कठीण आहे, असें माझें मत आहे. आणि तें मांडण्यासाठीं मी आज हरिश्चंद्र माधवराव बिराजदार यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहें.

बिराजदार यांचा जन्म १९५० सालचा, निलंगें तालुक्यांतील रामलिंग मुदगड या गांवचा. हा भाग आज लातूर जिल्ह्यांत मोडतो. परंतु लातूर जिल्हा १९८२ सालीं झाला, आणि बिराजदार जन्मले त्या वेळीं हा प्रदेश हैदराबाद राज्यांत होता. निजामाची राजवट संपून अवघीं दोन वर्षें लोटलीं होतीं. मराठवाड्याच्या त्या भागांत कुस्तीचा शोक होता, पण मोठी विद्या मिळविण्याचें ठिकाण कोल्हापूर होतें. शाहू छत्रपतींनीं मल्लांस दिलेला आश्रय, गंगावेस, शाहुपुरी, मोतीबाग यांसारख्या तालमी आणि १९१२ सालीं बांधून पूर्ण झालेलें खासबागेचें मैदान यांमुळें ज्यास मल्ल व्हावयाचें त्यानें पंचगंगेचें पाणी प्यालेंच पाहिजे, अशी लोकांची समजूत होऊन बसली होती. बिराजदारही कोल्हापुरांतच तयार झाले.

तालमींतील शिक्षण हा काय प्रकार आहे हें शहरांतील वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. पहांटे तांबडी माती खोऱ्यानें उकरून सारखी करावयाची. हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मऊ व निर्दोष ठेवावयाची. ज्या मातींत पडावयाचें ती प्रथम आपल्या हातांनीं राखावयाची. मग जोर आणि बैठका, त्याही शेंकड्यांनीं. मग लढत, म्हणजे आपल्याहून वरचढ जोडीदाराशीं रोजची झोंबी. मग खुराक आणि झोंप. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलांगी, धोबीपछाड हे डाव पुस्तकांतून शिकतां येत नाहींत. बडोद्यास द. चिं. मजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढून या विद्येची मोठी सेवा केली हें खरें; पण तो कोश तोंडपाठ असलेला मनुष्य मातींत उतरला, तर क्षणभरही उभा राहणार नाहीं. प्रतिस्पर्ध्याच्या मनगटावर हात पडतांच त्याचा भार उजव्या पायावर आहे कीं डाव्या, हें ज्ञान डोळ्यांच्या आधीं कातडीस होतें. तें ज्यास झालें आहे त्याच्या अंगाशीं अंग भिडवूनच दुसऱ्यास मिळतें. म्हणून मल्लविद्येंत ग्रंथापेक्षां गुरूचें महत्त्व अधिक, आणि गुरूच्या शब्दापेक्षां त्याच्या देहाचें.

बिराजदारांचा विजयकाळ संक्षेपानें सांगतों. १९६९ सालीं ते महाराष्ट्र-केसरी झाले. त्या वेळीं त्यांचें वय एकोणीस वर्षांच्या आसपास होतें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९७० च्या जुलईंत, स्कॉटलंडमधील एडिंबरो येथें राष्ट्रकुलाच्या क्रीडास्पर्धा झाल्या. तेथें भारतानें पांच सुवर्णपदकें मिळविलीं आणि तीं पांचही कुस्तींतील होतीं. त्यांतलें एक या निलंग्याकडील तरुणाचें होतें. १९७२ सालीं त्यांनीं रुस्तुम-ए-हिंद हा किताब जिंकला. आणि १९७७ सालीं बेळगांवीं त्यांची उत्तरेकडील सत्पाल या मल्लाशीं जी कुस्ती झाली व जींत त्यांनीं सत्पाल यांस पराभूत केलें, ती दक्षिण महाराष्ट्रांतील जुने शोकी अद्यापि विसरले नाहींत. सत्पाल त्यांच्याहून वयानें लहान, अंगानें प्रचंड आणि दिल्लीच्या गुरु हनुमान यांच्या आखाड्यांतील अत्यंत नामांकित शिष्य होते. अशा प्रतिस्पर्ध्यावरील जय हा कोणाही मल्लाच्या आयुष्याचा कळस ठरावा.

जुन्या चरित्रकारानें येथें ग्रंथ संपविला असता. माझ्या मतें खरा प्रश्न येथून पुढें सुरू होतो.

बिराजदारांनीं लढणें संपल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत मुलें घडविण्याचें काम हातीं घेतलें आणि तें आयुष्याच्या अखेरपर्यंत केलें. मल्ल मंडळींत त्यांस ‘मामा’ म्हणत. ‘वस्ताद’ हा अधिकाराचा शब्द आहे. ‘मामा’ हा आईच्या घरचा शब्द आहे. घर सोडून, कधीं दहा-बारा वर्षांच्या वयांत, तालमीच्या फरशीवर पथारी टाकणाऱ्या पोरास ज्या माणसाची गरज असते, त्याचें वर्णन त्या दुसऱ्या शब्दांत अधिक चांगलें झालें आहे. वस्तादानें पोराचे जोर मोजावे हें तर खरेंच. पण त्याच्या दुधाचा पैसा घरून आला कीं नाहीं, त्याचा ताप उतरला कीं नाहीं, तो शहराच्या कोणत्या गल्लींत संध्याकाळीं दिसला, हेंही त्यासच पाहावें लागतें.

पण मायेनें मल्ल होत नाहीं. विद्याही द्यावी लागते. आणि जो स्वतः मोठा विजेता होता त्यास विद्या देणें विशेष जड जातें, असा सर्वत्र अनुभव आहे. याचें कारण उघड आहे. ज्यास एखादी गोष्ट निसर्गतः साधली, त्यास ती कशी साधली हें सांगतां येत नाहीं. आणि दुसऱ्यास ती साधत नाहीं याचा त्यास राग येतो. ‘मी तुझ्या वयाचा असतांना’ हें वाक्य ज्याच्या ओठीं वारंवार येतें, तो शिक्षक होण्यास अपात्र समजावा. उलट पक्षीं, स्वतः विजेता नसलेला मनुष्य श्रेष्ठ गुरु होऊं शकतो. वर उल्लेखिलेले गुरु हनुमान यांची कीर्ति त्यांच्या स्वतःच्या कुस्त्यांवर उभारलेली नाहीं, शिष्यांच्या कुस्त्यांवर उभारलेली आहे. म्हणून विजेत्यानें गुरु व्हावयाचें तर त्यास आपला विजय आधीं विसरावा लागतो, निदान बाजूस ठेवावा लागतो. आणि आपल्या अंगांत सहज असलेली गोष्ट तुकडे तुकडे करून, जणूं पहिल्यानेंच शिकत असल्यासारखी, पुन्हां पाहावी लागते.

त्यांत बिराजदारांच्या पिढीपुढें आणखी एक अडचण होती. त्यांचा काळ माती आणि गादी यांच्या संधीचा होता. मातींतील कुस्ती दोन्ही खांदे जमिनीस लागेपर्यंत चाले. तिला घड्याळाची पर्वा नसे. गादीवरील कुस्ती मिनिटांनीं बांधलेली असते. आज ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते, आणि चीतपट न झाली तरी गुणांवर तिचा निकाल लागतो. मातींत पाय रुततो, म्हणून मल्ल उभा राहून बळ अजमावतो. गादीवर पाय सरकतो, म्हणून तो वांकून, झेप घेऊन पट काढतो. एडिंबरोस जाऊन आलेल्या बिराजदारांस हा भेद शरीरानें माहीत होता. मातीवर प्रेम असूनही, आपण ज्या रीतीनें वाढलों तीच रीत पुढच्या पिढीवर लादणें म्हणजे तिचे पाय बांधणें होय, हें ज्या वस्तादांस उमगलें त्यांच्याच तालमी पुढें टिकल्या.

परंतु या सर्वांहून अवघड अशी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या भाषेंतील एका म्हणण्यांत दडलेली आहे. वस्ताद नेहमीं एक डाव राखून ठेवतो, असें आपण म्हणतों. मांजरीनें वाघास सारें शिकविलें, फक्त झाडावर चढणें शिकविलें नाहीं, ही गोष्टही आपण लहान मुलांस मोठ्या कौतुकानें सांगतों. व्यवहारांत हें शहाणपण मानलें जातें. त्याचा उगमही समजण्यासारखा आहे. मल्लविद्या दीर्घकाळ राजाश्रयावर जगली. चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मल्लांचें वर्णन राजाच्या विनोदांपैकीं एक म्हणूनच येतें. दरबारचा मल्ल दरबारांत वरचढ असेतोंच त्याचें वेतन चालू. मग त्याच्याच शिष्यानें त्यास पाडलें तर त्याच्या पोटावर पाय आला. अशा स्थितींत एक डाव राखून ठेवणें ही दुष्टबुद्धि नव्हे. ती म्हातारपणची शिदोरी होती.

तथापि तिचा परिणाम काय झाला? प्रत्येक पिढीनें एक एक डाव राखला, तर दहा पिढ्यांनीं विद्येंत काय उरेल, हा हिशेब करण्यास मोठें गणित नको. आपल्या इतिहासांत याउलट उदाहरणेंही आहेत, आणि तींच विद्येच्या जिवंतपणास कारण झालीं आहेत. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे व्यायामगुरु बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या स्वतःपाशीं कोंडून ठेवली असती, तर पेशवाईबरोबर तीही बुडाली असती. त्यांनीं ती शिष्यांस दिली. म्हणून राज्य गेलें तरी विद्या राहिली, आणि आज मुंबई-पुण्याच्या व्यायामशाळांत मुलें-मुली त्या खांबावर चढत आहेत.

विद्या माणसांच्या देहांत राहते, म्हणून ती माणसांबरोबर मरूंही शकते, याचें भयंकर उदाहरण आपल्या हयातींतलें आहे. कंबोडिया या देशांत ‘कुन ख्मेर’ नांवाची मुष्टि, कोपर, गुडघा आणि लाथ यांनीं लढण्याची कला आहे. तिच्या जोडीस ‘बोकाटोर’ नांवाची दुसरी, अधिक प्राचीन मानली जाणारी युद्धविद्या आहे. अंगकोरच्या देवळांच्या भिंतींवर लढणाऱ्या मल्लांच्या आकृति कोरलेल्या आहेत. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत तेथें ख्मेर रूज या पक्षाची सत्ता होती. तिनें देशाची जुनी संस्कृति मुळापासून उपटण्याचा घाट घातला. त्यांत या कलांचे अनेक जाणते गुरु मारले गेले, कांहीं परागंदा झाले. भिंतींवरचे दगडी मल्ल तसेच उभे होते. पण कोणता हात कसा फिरतो हें सांगणारे देह नाहींसे झाले होते. पुढें जे थोडे वाचले त्यांनीं, आणि जे परदेशांतून परत आले त्यांनीं, म्हाताऱ्या माणसांस शोधून काढून, मुलें जमवून, आपणांस जेवढें येत होतें तेवढें सर्व त्यांस देऊन टाकलें. २०२२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेनें बोकाटोरची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. त्या देशांत आज जो विजेता मल्ल लढणें संपवून शिक्षक होतो, त्याच्या त्या निर्णयास इतर देशांत नसलेलें गांभीर्य आहे. तेथें डाव राखून ठेवण्याची चैन कोणास परवडणारी नाहीं. आपल्याकडे असा प्रलय झाला नाहीं. म्हणून आपणांस ती परवडते असा भ्रम होतो, एवढाच काय तो फरक.

आतां बिराजदारांच्या तालमीकडे पुन्हां येऊं. त्यांनीं डाव राखला कीं दिला, हें ठरविण्यास त्यांच्या मनांत शिरण्याची आवश्यकता नाहीं. शिष्य हाच येथें पुरावा होय. त्यांच्या शिष्यांपैकीं काका पवार हे लातूर जिल्ह्यांतलेच. १९९८ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. लढणें संपल्यावर तेही गुरूच्याच मार्गानें गेले आणि पुण्यांत कात्रजच्या बाजूस त्यांनीं कुस्तीसंकुल उभारलें. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे हा मुलगाही बिराजदारांच्या हाताखालीं आला. २००६ सालीं भारत सरकारनें बिराजदारांस ध्यानचंद पुरस्कार दिला. १४ सप्टेंबर २०११ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. वय एकसष्ट वर्षांचें. त्या वेळीं राहुल विशींत नुकताच पोंचत होता.

गुरु अर्ध्या वाटेवर गेल्यावर शिष्याचें काय होतें? येथेंच तालमीच्या परंपरेची परीक्षा असते. जर विद्या एका माणसाची मिरास असेल, तर तिचा प्रवाह त्याच्या चितेपाशीं थांबतो. राहुल काका पवारांकडे गेला. म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतर गुरुबंधूच गुरु झाला. जें बिराजदारांनीं काकांस दिलें होतें, तें काकांपाशीं राहुलसाठीं शिल्लक होतें. १२ एप्रिल २०१८ रोजीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें, त्याच राष्ट्रकुल स्पर्धांत, ५७ किलो वजनी गटांत राहुलनें कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी या मल्लास १५-७ अशा गुणांनीं हरवून सुवर्णपदक मिळविलें, आणि तें आपल्या दिवंगत गुरूस अर्पण केलें. एडिंबरोच्या पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं तेंच पदक त्याच घरांत परत आलें. पण तें आणणारा निराळा होता आणि ज्याच्यासाठीं आणलें तो पाहावयास नव्हता. मातीच्या कुस्तींत १५-७ या आंकड्यांस कांहीं अर्थच नाहीं. गुरूच्या तारुण्यांतील खेळाहून शिष्याचा खेळ इतका बदलला होता; तरीही पदक गुरूचेंच आहे असें शिष्यास वाटलें, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गुरूनें आपला नमुना दिला नव्हता. आपलें सामर्थ्य दिलें होतें.

आणखी एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. १९७७ सालीं बेळगांवीं जे हरले, ते सत्पाल पुढें १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकून दिल्लीच्या छत्रसाल क्रीडागारांत गुरु झाले. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं मिळविलेल्या कांस्यपदकानंतर ऑलिंपिक कुस्तींत भारताच्या हातीं छप्पन्न वर्षें कांहीं लागलें नव्हतें. २००८ सालीं बीजिंगला ती उणीव भरून काढणारा सुशीलकुमार हा सत्पाल यांचाच शिष्य. बेळगांवच्या त्या मातींत त्या दिवशीं लोकांनीं दोन मल्ल पाहिले. वास्तविक तेथें दोन घराणीं समोरासमोर उभीं होतीं. त्या दिवसाचा निकाल एकाच्या बाजूनें लागला. परंतु पुढें पराजितही गुरु झाला आणि विजेताही गुरु झाला. आणि आज मागें वळून पाहतां त्या दोघांच्या त्या दिवसाच्या जयपराजयाहून त्यांच्या नंतरच्या तीस वर्षांनींच देशाच्या पदरांत अधिक टाकलें, असें म्हणावें लागतें.

हें सर्व लिहीत असतां माझें लक्ष वारंवार माझ्याच व्यवसायाकडे जातें, आणि एक गोष्ट येथें कबूल केल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. मी जवळजवळ तीस वर्षें इतिहास शिकवीत आहें. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्यानें, एका मोडी कागदावरील मितीचा मीं केलेला मेळ चुकीचा आहे, हें मला एकांतांत येऊन अदबीनें दाखविलें. त्याचें म्हणणें खरें होतें. तें मला त्याच क्षणीं कळलें. मीं ‘पाहूं’ म्हटलें. पुढें माझा लेख छापला गेला तेव्हां त्यांत मिती दुरुस्त केलेली होती. त्या मुलाचें नांव मात्र नव्हतें. त्यानें कधीं तक्रार केली नाहीं. पण पुन्हां कधीं माझ्याकडे कागद घेऊनही आला नाहीं. त्या दिवशीं माझ्या शिष्यानें मला पाडलें होतें, आणि तें कोणास दिसूं नये म्हणून मीं अंगावरची माती झटकली. शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी, असें आपले पूर्वज सांगून गेले आहेत. हें वचन मीं वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. मातींत उतरून तें सांगावें लागतें तेव्हां त्याची किंमत कळते. वस्तादास तें रोज, अनेक डोळ्यांदेखत आचरावें लागतें. कारण ज्या दिवशीं तालमींतला पोर त्यास प्रथम खालीं घेतो, तो दिवस झांकून ठेवतां येत नाहीं.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल, कीं मल्लविद्येस हें फार उंच आसन दिलें जात आहे. प्रत्यक्षांत तालमींत भांडणें असतात, मैदानांत ठरवून केलेल्या नुरा कुस्त्या असतात, आणि गुरुभक्तीच्या नांवाखालीं पुष्कळ अन्यायही पोसला जातो. हा आक्षेप मी नाकारीत नाहीं. आमच्याच जिल्ह्याच्या शहरीं, अहिल्यानगर येथें, २०२५ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र-केसरीची स्पर्धा झाली, तींत पंचांच्या निर्णयावरून वाद इतका विकोपास गेला कीं पंचाच्या अंगास पाय लागण्यापर्यंत मजल गेली. निर्णय बरोबर होता कीं चूक, हा निराळा प्रश्न. पण ज्यास हरण्याचें शिक्षण मिळालें नाहीं त्याचें जिंकण्याचें शिक्षणही अपुरें असतें, हें त्या दिवशीं उघड झालें. म्हणूनच वस्तादाची आवश्यकता अधिक. कारण डाव शिकविणारे पुष्कळ मिळतील, हार कशी पत्करावी हें शिकविणारा तोच, ज्यानें शिष्यांकडून ती स्वतः पत्करली आहे.

आमचें नेवासें कुस्तीसाठीं प्रसिद्ध नाहीं. तें प्रसिद्ध आहे एका खांबासाठीं. शके १२१२ मध्यें ज्या खांबाशीं टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका सांगितली असें मानतात, तो पैस खांब येथें प्रवरेच्या कांठीं आहे. त्या ग्रंथाची थोरवी सांगण्याचें हें स्थळ नव्हे. मात्र त्यांतील एका कृतीचा आमच्या विषयाशीं निकटचा संबंध आहे. ज्ञानेश्वरांस नाथपंथाची विद्या वडील बंधु निवृत्तिनाथांपासून मिळाली. ती गुरूनें शिष्याच्या कानांत सांगावयाची, राखून ठेवावयाची विद्या होती. गीतेचा अर्थही संस्कृताच्या कुंपणांत होता. त्या तरुणानें दोन्ही उघड्यावर, सर्वांच्या समोर, सर्वांच्या भाषेंत सांगून टाकलीं. राखण्यासारखा सर्वांत मोठा डाव त्यांच्यापाशीं होता. त्यांनीं तो राखला नाहीं. त्यामुळें त्यांचें कांहीं कमी झालें, असें गेल्या सातशें वर्षांत कोणास आढळलेलें नाहीं.

ही प्रवरा जेथें उगम पावते, तो अकोलें तालुका आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, सह्याद्रीच्या कुशींत आहे. तेथील कोंभाळणें गांवचा हर्षवर्धन सदगीर हा तरुण काका पवारांच्या संकुलांत शिकला. ७ जानेवारी २०२० रोजीं पुण्यास बालेवाडी येथें महाराष्ट्र-केसरीची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूस हर्षवर्धन होता, दुसऱ्या बाजूस लातूरचा शैलेश शेळके. आणि शैलेशही काका पवारांचाच शिष्य. रोज एकाच संकुलांत घाम गाळणारे दोघे त्या रात्रीं राज्याच्या सर्वांत मोठ्या गदेसाठीं समोरासमोर उभे राहिले. दोघांचे डाव एकाच हातांनीं घडलेले. राखून ठेवलेला असा डाव कोणापाशींच नव्हता. कुस्ती अटीतटीची झाली आणि ३-२ अशा गुणांनीं हर्षवर्धननें ती जिंकली. मग त्यानें एक गोष्ट केली. मैदानाच्या रीतीप्रमाणें लोकांनीं त्यास खांद्यावर घ्यावयाचें. त्याऐवजीं त्यानेंच हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून घेतलें.

ही कृति कोणत्या डावांत बसते हें मजुमदारांच्या दहा खंडांत सांपडणार नाहीं. ती त्या दोघांस कोणीं केव्हां शिकविली हेंही सांगतां येणार नाहीं. परंतु लातूरकडच्या एका गांवाहून निघालेली, पुण्याच्या एका तालमींत राहिलेली आणि एकसष्टाव्या वर्षीं विझलेल्या एका देहांतून दुसऱ्या देहांत आलेली जी विद्या, तिची तिसरी पिढी त्या रात्रीं बालेवाडीस उभी होती, एवढें मात्र निश्चित. यापुढें आमच्या गांवच्या हगाम्यांत मी जेव्हां जाईन, तेव्हां शेवटची जोड सुटल्यावर गर्दी ज्या बाजूस धांवेल त्या बाजूस न जातां, कड्याच्या आंत उकिडव्या बसलेल्या त्या फेटेवाल्याकडे प्रथम पाहणार आहें.